एकवीसचा नट: स्विफ्टच्या मागच्या डाव्या चाकाच्या नोंदी

गाडी: मारुती स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, २००९ ची. एबीएस नाही. लोखंडी रिम, मागे ड्रम ब्रेक.
काम: मागच्या डाव्या चाकाचा खराब स्टड (ज्यावर चाकाचा नट बसतो तो आट्यांचा दांडा) बदलणे.
जागा: कोल्हापूर. खोलाखोल घरच्या अंगणात, प्रेसचं (दाब देणाऱ्या यंत्राचं) काम उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत.

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार (दसरा)

पूजेसाठी गाडी धुतली तेव्हा व्हील कॅप काढून ठेवल्या. रिमवर गंज धरलाय. दिवाळीआधी घासून रंगाचा एक हात मारावा म्हणून चाकं एकेक करून काढायला घेतली. तीन चाकं सुतासारखी सरळ निघाली. मागच्या डाव्याचे तीन नट गाडीच्याच पान्याने सुटले, चौथ्यावर पाना बसेचना. आधी वाटलं नटवर गंजाचा थर असेल. तारेच्या ब्रशने घासलं तरी तेच. शेवटी सॉकेटच्या डब्यातला एकवीस मिलिमीटरचा लावला, तो चपखल बसला.

या गाडीचे सगळे नट एकोणीसचे. हा पाहुणा आहे.

जुलैत रत्नागिरीहून येताना हेच चाक पंक्चर झालं होतं. धो धो पाऊस, रस्त्याकडेचं ताडपत्रीचं दुकान. पोराने हवेच्या गनने (नट झटक्यात फिरवणारं यंत्र) नट खोलले आणि गननेच आवळले. एखादा नट चिखलात गेला असणार आणि त्याने डब्यातला दुसरा लावून दिला. वरून व्हील कॅप बसली, विषय संपला. तेव्हापासून गाडी धावतेय. पण त्यानंतर रात्री कुठे चाक बदलायची वेळ आली असती, तर गाडीतला पाना या नटवर बसलाच नसता.

टॉमी (सॉकेटचा लांब दांडा) लावून जोर दिला. नट पाव फेरा आला, करकरला आणि अडकला. तिथेच हात काढला. बाकीचे तीन नट परत आवळले, गाडीला झेंडूचा हार घातला. सणाच्या दिवशी ठोकाठोक नको. रात्री झोपण्याआधी नटच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

सकाळी परत तेल, चहा, मग नट. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, गाडी पहिल्या गिअरात, चाक जमिनीवरच. पाव फेरा मागे, थोडा पुढे, परत मागे, असं करत करत आणला. एकदम ओढला असता तर दोनपैकी एक झालं असतं: स्टड तुटला असता, किंवा ड्रममधली त्याची पकड सुटून स्टड नटसोबत गरागरा फिरला असता. स्टड फिरायला लागला की नट काढणं हे वेगळंच दुखणं होतं. मग नट छन्नीने फोडावा लागतो नाहीतर स्टडचं डोकं मागून वेल्डिंगने धरावं लागतं.

नट निघाला. त्याच्या आतून लोखंडाची बारीक, चमकती कातण शेवयांसारखी बाहेर आली. ते सगळे स्टडचे आटे. टोकाकडचा निम्मा स्टड जवळपास गुळगुळीत झालाय, मुळाकडचे आटे शाबूत आहेत पण तिरके दबलेत.

पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायची पानं) लावला. शेजारच्या चांगल्या स्टडवर १.२५ चं पान बरोबर बसतं. पाहुण्या नटच्या बाहेरच्या तोंडाशी दोन आटे वाचलेत, त्यांत १.५ चं पान बसतं. झालं, निदान पक्कं.

इथे जरा थांबून लिहितो, कारण हा घोळ आपल्याकडे वाटतो त्यापेक्षा सर्रास होत असणार. मारुती सुझुकीच्या गाड्यांचे स्टड एम१२ बाय १.२५, म्हणजे जाडी बारा मिलिमीटर आणि एका फेऱ्यात नट सव्वा मिलिमीटर सरकतो (हाच पिच). ह्युंदाई, होंडा, टोयोटा यांचे स्टडही बारा मिलिमीटरचेच, पण पिच १.५. बाहेरून दोन्ही नट सख्खे भाऊ. जाडी एकच असल्याने चुकीचा नट पहिला एक-दीड फेरा हाताने जातोसुद्धा, मग जड होतो. हाताने लावणारा माणूस तिथे थांबतो. गन थांबत नाही. ती नटला स्टडवर नवे आटे पाडायला लावते, नट रिमला टेकतो आणि बघणाऱ्याला वाटतं घट्ट बसला.

ग्लान्झा घेतलेल्यांनी तर जास्तच सांभाळावं. पुढे टोयोटाचा बिल्ला असला तरी ती मुळात सुझुकीचीच बलेनो आहे, त्यामुळे आटेही सुझुकीचे. फोक्सवॅगन पोलोवाल्यांचा मात्र हा प्रश्नच नाही. त्यांच्याकडे स्टड नसतो, हबमध्येच (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) आटे असतात आणि चाक बोल्टने बसतं. आटे गेले की हब गेला, एवढंच.

शेजारचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. ते येऊन बघून गेले. पहिला प्रश्न, "उलटे आटे न्हाईत न्हवं?" जुन्या जड गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असायचे, म्हणजे चाकाच्या फिरण्याने नट सैल होऊ नये म्हणून. कारला ती भानगड नाही.

गाडी आता उभी. तीन स्टडवर गावात दोन-चार किलोमीटर कुणी गेलं तर लगेच काही होत नाही हे मलाही माहीत आहे. पण चारातला एक गेला की पकड सरळ पावपट कमी होते आणि शेजारच्या दोघांवर दर फेऱ्याला कमी-जास्त ताण पडत राहतो. पाच-सहा स्टडच्या गाडीपेक्षा चार स्टडच्या गाडीला हे जास्त लागतं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

दोन दिवस सगळ्यांचे सल्ले ऐकतोय.

डाय (आटे पाडायचं हत्यार) फिरवा: ऑफिसातल्या मित्राचं म्हणणं. डाय दबलेले आटे सरळ करते, गेलेलं लोखंड परत आणत नाही. टोकाचा एखादा आटा ठेचला असता तर मीही तेच केलं असतं. इथे निम्मे आटे माझ्या हातात भुकटी होऊन आले आहेत.

बोल्ट वेल्ड करा: कोपऱ्यावरच्या गॅरेजचे मेस्त्री. "हार्डवेअरातनं बाराचा बोल्ट आणा, मागनं टाका मारून देतो, काय हुतंय?" त्यांचा हात चांगला आहे, याच गाडीचा सायलेन्सर त्यांनीच जोडून दिलाय आणि तो अजून टिकलाय. पण ड्रम बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. बिडाला साधा टाका धरत नाही, धरला तरी शेजारी चीर जाते. शिवाय दुकानातला साधा बोल्ट बहुतेक ८.८ चा, चाकाचा स्टड १०.९ चा. या आकड्यांचा हिशेब सोपा आहे: पहिला आकडा गुणिले शंभर म्हणजे तुटण्याची ताकद मेगापास्कलमध्ये, दुसरा आकडा म्हणजे त्याच्या किती दशांशाला धातू कायमचा ताणला जातो. म्हणजे १०.९ चा स्टड हजारला तुटतो आणि नऊशेला ताणला जातो. ८.८ चा आठशेला तुटतो आणि सहाशेचाळीसला ताणला जातो. वर वेल्डिंगची उष्णता लागली की तेही उरत नाही.

ड्रमच नवा घाला: स्पेअरच्या दुकानातला मुलगा. हा सल्ला चुकीचा नाही. स्विफ्टला मागे हब वेगळा नसतो. ड्रम, बेअरिंगची जागा आणि स्टड सगळं एकाच ओतीव तुकड्यात. पण माझ्या ड्रमला काही झालेलं नाही. एका स्टडसाठी अख्खा ड्रम आणि सोबत नवं बेअरिंग घालणं मला पटत नाही.

ठरलं: ड्रम काढायचा, स्टड प्रेसवर काढून नवा दाबायचा.

ठोकून का नाही, तर दोन कारणं. ड्रम काढला तरी बेअरिंग त्यात बसलेलं असतं, आणि हातोड्याचा प्रत्येक घाव बेअरिंगच्या गोळ्यांमधून जातो. त्याच्या धावेवर बारीक खड्डे पडले की महिन्या-दोन महिन्यांनी चाक गुणगुणायला लागतं. दुसरं, परत तेच, बीड. बीड दाब सोसतं, ठोका सोसत नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

सामान आणलं. स्टड, आठ नवे नट (सगळे एकोणीसचे, रिमला टेकणारं तोंड ६० अंशांच्या शंकूचं), स्पिंडलचा (ड्रम ज्या दांड्यावर फिरतो त्याचा) नवा नट, डस्ट कॅप.

स्टड निवडताना व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) घेऊन गेलो याचं दुकानदाराला हसू आलं, पण त्याचा उपयोग झाला. स्टडला डोक्याच्या खाली उभ्या बारीक खाचांचा पट्टा असतो. तोच ड्रमच्या भोकात दाबून बसतो आणि स्टडला फिरू देत नाही. वेल्ड नाही, पिन नाही, फक्त ती दाबाची पकड. त्यामुळे पिच आणि लांबी जुळली एवढ्याने भागत नाही. या पट्ट्याचा व्यास, पट्ट्याची लांबी आणि डोक्याचा व्यास ही तीन मापंही जुळायला हवीत. पहिला दिलेला लोकल स्टड लांबीला बरोबर, आट्याला बरोबर, पण पट्टा दोन दशांश मिलिमीटरने बारीक. तो दाबताना लोण्यासारखा गेला असता आणि पहिल्याच वेळी नटसोबत फिरला असता. दुकानदार म्हणाला, "सगळी हाच घालत्यात." घालत असतील. आतून कंपनीच्या पाकिटातला काढायला लावला, त्याची मापं मिळाली. डोक्यावर १०.९ चा छाप आहे.

दोन घेतले. दुसरा का, ते ड्रम हातात आल्यावर ठरेल. वाया गेला तरी चालेल, एका स्टडची किंमत उद्यमनगरच्या दुसऱ्या फेरीच्या पेट्रोलएवढी असेल.

२० ऑक्टोबर, रविवार

ड्रम काढला. दिवसाचं मुख्य काम हेच होतं.

क्रम असा. चाक काढून मधली डस्ट कॅप छन्नी आणि हातोडीने हलकेच फिरवत फिरवत काढली. ती चेपतेच, म्हणून नवी आणलीय. आत स्पिंडलचा नट. त्याची कड स्पिंडलच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, नट आपोआप सुटू नये म्हणून. ती कड बारीक छन्नीने उचलली. मग चाक परत तीन नटांवर लावलं, गाडी जमिनीवर घेतली आणि रिमच्या मधल्या भोकातून सॉकेट घालून स्पिंडलचा नट सैल केला. हा नट चाकाच्या नटांपेक्षा बराच जास्त आवळलेला असतो. गाडी स्टँडवर असताना त्याला लांब पाइप लावून हिसके देणं म्हणजे गाडी अंगावर घेण्याची तयारी. सैल झाल्यावर गाडी उचलली, चासीखाली स्टँड, स्टँडसोबत काढलेलं चाकही आडवं सरकवून ठेवलं. स्टँड घसरलाच तर गाडी रिमवर बसेल, माझ्यावर नाही.

हँडब्रेक सोडला. मागे ड्रम असलेल्या गाडीत हे सांगायला लागू नये, पण काकांनी दोनदा विचारलं.

ड्रम हलला, फिरला, पण निघेना. जुन्या ड्रमचं हे नेहमीचंच. लायनर (ड्रमला आतून घासून ब्रेक लावणाऱ्या पट्ट्या) जिथे घासतात तिथे ड्रम झिजतो आणि आतल्या काठाला न झिजलेली कड उरते. लायनर त्या कडेला अडकतात. मागच्या प्लेटचं रबरी बूच काढून स्क्रू ड्रायव्हरने हँडब्रेकचा लिव्हर ढकलला, लायनर आत आले, ड्रम हातात आला. ओढून काढला असता तर लायनर धरणाऱ्या स्प्रिंगा वाकल्या असत्या.

आत काळी धूळ. तोंडाने फुंकून किंवा हवेने उडवून देण्याचा मोह होतो, पण ती छातीत जाते आणि जुन्या लायनरमध्ये काय मिसळलेलं असतं ते कुणी सांगावं. ओल्या फडक्याने पुसली, फडकं पिशवीत बांधून टाकलं. लायनर अजून चालतील, पण पुढच्या वर्षी नाही. व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ढकलणारा) कोरडा. रबर उचकून बघितलं, ब्रेक ऑइलचा थेंब नाही.

आता स्टड. चारही नीट पुसून प्रत्येकावर नवा नट हाताने मुळापर्यंत फिरवला. दोनवर दोन बोटांनी गेला. ज्याचे आटे गेले त्याचा प्रश्नच नाही. त्याच्या समोरच्या स्टडवर मात्र नट मध्यावर जड झाला. तिथे पिच गेज धरून उजेडाकडे बघितलं. पान दोन्ही टोकांना टेकतं आणि मध्ये केसाएवढी फट दिसते. म्हणजे स्टड ताणला गेलाय, आट्यांमधलं अंतर वाढलंय. डोळ्यांना काही दिसत नाही, व्हर्नियरला कंबर जराशी बारीक लागते. त्याच दिवशीची गन, दुसरं काय. हाही काढायचा. दुसरा स्टड आणल्याचं सार्थक झालं.

रिमची भोकंही बघितली. चुकीचा नट नीट बसला नसता तर चाक जागेवर हलून भोक लंबगोल झालं असतं. शंकूच्या जागेवर चकाकी आहे, पण गोलाई शाबूत. रिम वाचली.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

अर्धा दिवस रजा टाकून ड्रम पोत्यात गुंडाळून शिवाजी उद्यमनगरात. तिथे कुणाला काय करायचंय हे फार समजवावं लागत नाही. पहिल्या लेथवाल्याकडे प्रेस नव्हता, त्याने हाताने दाखवलं, दोन शेड सोडून पलीकडे.

प्रेसचे मालक वयस्क, चष्मा कपाळावर. ड्रम उलटा-सुलटा करून बघितला, नखाने टिचकी मारून आवाज ऐकला. मी विचारलं, काय ऐकताय? "चीर असली तर बद्द वाजतंय." खणखणीत वाजला.

आपण हातोड्यानेच काढणार होतो असं म्हटलं असतं तर काय, हे विचारून बघितलं. "हातोडा घातला असतासा तर कान उडाला असता बघा ह्याचा. मग आला असतासा नवा ड्रम घेऊन."

त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. ड्रम पालथा ठेवून स्टडच्या डोक्याभोवती बसेल असा जाड पाइपचा तुकडा खाली लावला. भार नेमका भोकाच्या काठावर यावा, ड्रमच्या कडेवर नको. कडेवर टेकवला तर मधली चकती वाकते. स्टडच्या टोकाला जुना नट फिरवून त्यावर दाब. प्रेसचा काटा चढत गेला, चढत गेला आणि टण्णकन आवाज होऊन स्टड सुटला. त्या क्षणाला त्यांनी स्वतःचा हात मागे घेतला आणि मलाही मागे व्हायला लावलं. दुसरा स्टड त्यापेक्षा कमी दाबात निघाला.

बसवताना घाई केली नाही. भोकात जुन्या खाचांच्या रेघा असतात. नवा स्टड हाताने ठेवून, हळूच फिरवून, खाचा त्या रेघांत बसतात का ते बघितलं. ड्रम सरळ केला, पाइप आता बाहेरच्या बाजूने, दाब स्टडच्या डोक्यावर. डोकं ड्रमला टेकलं की काट्याची उडी दिसते, तिथे थांबायचं. डोक्याखाली ०.०५ मिलिमीटर जाडीची फीलर पट्टी (फट तपासायची) घालून बघितली, चारही बाजूंनी जात नाही.

हे पट्टीचं एवढं मनावर का घेतो, तर स्टड अर्धा मिलिमीटर जरी वर राहिला तरी नट आवळताना घट्ट लागतो, मग गाडी धावल्यावर स्टड उरलेलं अंतर आत सरकतो आणि नट सैल पडतो. अनेक जण प्रेस न वापरता वॉशरची चळत लावून नटनेच स्टड आत ओढतात. पुढच्या चाकाला, जिथे हब गाडीवरच असतो, तिथे तेच करावं लागतं, आणि ते चालतं. फक्त वॉशरना ग्रीस हवं, त्या कामाचा नट नंतर टाकून द्यायचा, आणि शेवटी डोकं टेकलंय का ते मागून वाकून बघायचं. गनने ओढायचा नाही.

मजुरी त्यांनी इतकी कमी सांगितली की वर चहाचे द्यायला लागले.

२६ ऑक्टोबर, शनिवार

मधल्या दिवसांत संध्याकाळी रिम घासून रंगवल्या. ड्रमला टेकणाऱ्या मागच्या तोंडाला रंग लावला नाही, आणि नटच्या शंकूच्या जागीही नाही. रंगाचा थर दबतो, झिजतो, आणि तेवढीच नटची पकड ढिली होते. ड्रमच्या तोंडावरचा गंज एमरी पेपरने काढला.

ड्रम चढवला, स्पिंडलचा नवा नट मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळला, ड्रम फिरवून बघितला, खेळ नाही. नटची कड बोथट पंचने खाचेत ठोकली. डस्ट कॅप. मग ब्रेक पेडल बऱ्याचदा दाबलं, लायनर आपापल्या जागी आले, हँडब्रेक सातव्या टिकटिकीला धरतो.

चाकाचे नट. काकांनी पावपट भरलेला ऑइलचा डबा पुढे केला, "जरा बोट फिरवा, पुढच्या वेळंला सोपं जाईल." नको म्हटलं, आणि मग बसून त्यांना हिशेब करून दाखवला, कारण ते ऐकणाऱ्यांतले आहेत.

या स्विफ्टच्या नटचा आकडा ८५ न्यूटन मीटर. एक फूट लांब पान्याच्या टोकावर अठ्ठावीस-एकोणतीस किलो वजन टांगण्याएवढा जोर. कोरड्या आट्यांवर या जोरातला बहुतेक भाग घर्षण खातं, उरतो त्यातून स्टड ताणला जातो. ढोबळ सूत्राने, नटचा गुणांक (घर्षणाचा एकूण परिणाम दाखवणारा आकडा) ०.२ धरला, तर एका स्टडवर सुमारे साडेतीन टनांचा ताण येतो. चार स्टडचे मिळून चौदा टन. चाक या दाबाने ड्रमला चिकटून राहतं, आणि ब्रेकचा, खड्ड्यांचा मार घेतो तो रिम आणि ड्रममधला हा दाब. स्टड आडवा मार खायला केलेलाच नाही. आट्याला ऑइल लावलं की घर्षण कमी होतं आणि त्याच ८५ ला ताण पाच टनांपर्यंत जातो. आकडा तोच दिसतो, स्टडला मात्र दीडपट ओझं.

आणि गन? अर्ध्या इंची हवेची गन चारशेच्या पुढे सहज जाते. या बारा मिलिमीटरच्या १०.९ स्टडची सुरक्षित हद्द पावणेआठ टनांच्या आसपास. चारशे न्यूटन मीटर कोरड्या आट्यांवर पूर्ण पोचले तर ताण सोळा टनांच्या पुढे निघतो, म्हणजे स्टड तिथेच तुटायला हवा. पोरं गन क्षणभरच धरतात, गंज आणि मळ बराच जोर खातात, म्हणून रोज तुटत नाहीत. ताणले मात्र जातात.

काका म्हणाले, "आमी लाथ मारून आवळायचो." त्यांच्या गाड्यांचे स्टडही तसेच दांडगे होते.

मित्राकडून टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराला टक्क वाजणारा) आणला होता. सगळे नट आधी हाताने मुळापर्यंत, एकही पान्याने सुरू करायचा नाही. मग चाक हवेत असतानाच समोरासमोर हलके आवळले, म्हणजे रिम मध्यावर बसली. गाडी जमिनीवर घेऊन समोरासमोर ५०, मग ८५. टक्क आवाजाला थांबलो. दुसऱ्यांदा खात्रीसाठी टक्क टक्क करत बसायचं नाही, दर वेळी थोडा जोर चढतोच.

उरलेल्या तीन चाकांचे नटही सोडून ८५ ला घेतले. पुढच्या उजव्याचे दोन नट सोडताना टॉमीवर उभं राहावं लागलं. तिथले स्टडही पिच गेजने बघितले, ठीक आहेत. नव्या नटांपैकी उरलेले चार स्टेपनीच्या खोबणीत पिशवीत घालून ठेवले, सोबत चिठ्ठी: १९, १.२५.

२७ ऑक्टोबर, रविवार

पन्हाळ्यापर्यंत जाऊन आलो. घाटात उतरताना ब्रेक सरळ धरतात, गाडी बाजूला ओढत नाही. खाली येऊन ड्रमजवळ हात नेला, दोन्ही मागची चाकं सारखीच कोमट. गार झाल्यावर टॉर्क पाना ८५ ला लावून फिरवला. जुन्या दोन स्टडवरचे नट जागचे हलले नाहीत. नव्या दोनपैकी एक किंचित सरकला, मग टक्क. हे अपेक्षितच. नवा स्टड, नवा नट, घासलेलं तोंड, थोडं बसायचंच.

४ नोव्हेंबर, सोमवार

भाऊबीज रत्नागिरीत उरकून काल रात्री परत. आंबा घाट चढून-उतरून झाला, वाटेत एका ठिकाणी रस्त्याचं काम आणि खडीत भरपूर धडधड. आज सकाळी परत टॉर्क पाना. चारही नट जागचे हलले नाहीत. पाना मित्राला परत.

गाडीच्या नोंदणीला डिसेंबरात पंधरा वर्षं पूर्ण होतात. फेरनोंदणीचे पाच हजार भरायचेत आणि त्याआधी आरटीओत तपासणी. उजव्या बाजूचा ड्रम अजून खोललेला नाही. तिकडचे लायनर डाव्याएवढेच झिजलेत का, ते या महिन्यात बघून दोन्हीकडचे एकदमच बदलायचे. स्पिंडलचा आणखी एक नट आणि डस्ट कॅप दुकानात सांगून ठेवलीय.